मुळातमास्तरांचं राहिलेलं वचन

माझ्या सासऱ्यांना चर्चमधली सगळी मंडळी पाठीमागे ‘मुळातमास्तर’ म्हणते. ते मास्तर कधीच नव्हते. ते कवळ्या बनवतात. पण कुणी बोलता बोलता ‘देव प्रीती आहे’ एवढं जरी म्हटलं, तरी ते चष्मा कपाळावर चढवतात आणि सुरू होतात, “मुळात काय आहे, ग्रीकमध्ये प्रीतीला एकच शब्द नाही.” समोरचा माणूस बहुतेक वेळा घाईत असतो. सासरे घाईत असल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

ही ग्रीकची बाधा त्यांना धंद्यातूनच झाली. एका निवृत्त पाळकांची कवळी त्यांनी बनवून दिली होती, आणि पाळकांनी खूश होऊन आपला जाडजूड ग्रीक शब्दकोश त्यांना दिला. पाळकांना ती कवळी कधी नीट बसली नाही. सासऱ्यांना शब्दकोश मात्र असा काही बसला की विचारू नका. त्यावरून ते अक्षरं शिकले, मग शब्द शिकले, मग टीकाग्रंथ गोळा करायला लागले. आमच्या घरात कपड्यांचं कपाट एक आहे आणि टीकाग्रंथांची दोन. सासूबाईंनी पहिल्या कपाटाच्या वेळी भांडण काढलं होतं. दुसऱ्याच्या वेळी त्या नुसत्या ‘देवा’ म्हणाल्या आणि चादरी पलंगाखाली ढकलल्या.

मी त्यांच्या हाताखाली काम करते. माझ्या नवऱ्याला लहानपणापासून दातांची किळस येते, म्हणून तो बस चालवतो. मला दात आवडले. आमचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. रस्त्याकडे काच, काचेत नमुन्याची कवळी, मध्ये मोठं टेबल, त्यावर बर्नर, गुलाबी मेणाच्या पट्ट्या आणि दातांचे डबे. कोपऱ्यात पॉलिशचं मशीन, ते माझं. मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर गिऱ्हाइकांचे प्लास्टरचे जबडे, सगळे रस्त्याकडे तोंड करून. नवीन माणूस आत आला की जरा दचकतो. एकच जबडा बरीच वर्षं भिंतीकडे तोंड करून ठेवलेला होता. तो कुणाचा, ते सांगते.

दर बुधवारी संध्याकाळी मशीन बंद झालं की याच टेबलाभोवती बायबलचा अभ्यास भरतो. आधी तो चर्चच्या हॉलमध्ये भरायचा. पण पाळकसाहेबांनी एकदा फार गोड शब्दांत सांगितलं, की गायनमंडळाला सरावासाठी हॉल लागतो. गायनमंडळ बुधवारी सराव करत नाही. सासऱ्यांनी ते मनावर घेतलं नाही, शब्दकोश उचलला आणि दुकानात आले.

त्यांची पद्धत ठरलेली. आधी वचन वाचायचं. मग त्यातला एकेक शब्द सुटा करायचा, शब्दकोशात त्याचा अर्थ बघायचा, तो आणखी कुठे कुठे आलाय ते बघायचं, टीकाकार काय म्हणतात ते वाचायचं, आणि सगळ्यांत शेवटी त्यांना स्वतःला काय वाटतं ते सांगायचं. तोवर चहा थंड झालेला असतो. एकदा त्यांनी नुसत्या ‘आणि’ या शब्दावर अख्खा बुधवार काढला. लोक गळत गळत आता तिघं उरलेत. एक निवृत्त शिक्षिका, त्यांना सगळे बाई म्हणतात. दुसरा पलीकडच्या गल्लीतला न्हावी. तो सांगतो की दिवसभर दुकानात मला बोलावं लागतं, इथे कुणीतरी दुसरं बोलतं म्हणून बरं वाटतं. तिसऱ्या माझ्या चुलतसासूबाई, म्हणजे सासऱ्यांच्या धाकट्या भावाची बायको. मी त्यांना काकू म्हणते.

सासऱ्यांचा एकच अभिमान होता, की मी एकही शब्द सोडत नाही. “शब्द सोडला की अर्थ सुटला,” असं ते टेबलावर बोट आपटून सांगत. आणि ते खरंही होतं. फक्त येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात एक जागा होती. रागाबद्दलची वचनं त्यांनी मागच्या खेपेला महिनाभर चालवली. त्यात ‘राका’ म्हणून एक शिवी आहे. ती तर ग्रीकही नाही, तरी तिच्यावर त्यांनी दोन बुधवार खर्च केले. त्याच्या पुढचं वचन आलं तेव्हा मात्र त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “हे सोपं आहे. घरी वाचा.”

घरी वाचा! ‘आणि’ ज्याला अवघड होता, तो माणूस म्हणतोय हे सोपं आहे. बाईंनी पान उलटलं, न्हाव्यानं खिडकीबाहेर बघितलं, काकूंनी बिस्किट चहात बुडवलं आणि ते तुटून आत पडेपर्यंत तसंच धरून ठेवलं. ते वचन असं आहे, की तू वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथे तुला आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, भावाशी समेट कर, आणि मग येऊन अर्पण दे.

आता भावाचं सांगते. धाकटे काका दुकानांच्या पाट्या रंगवायचे. दोघा भावांचं लहानपणापासून मेतकूट होतं, पण स्वभाव अगदी उलटे. सासरे शब्दाच्या पोटात शिरणार. काका म्हणणार, शब्द लांबून नीट दिसला म्हणजे झालं, अर्थाचं काय ते गिऱ्हाईक बघून घेईल. आमच्या दुकानावरची पाटी त्यांनीच रंगवलेली. काका गायनमंडळात खालच्या सुरात गायचे, आणि ते गात असले की बाक थरथरतात असं मंडळीत म्हणायचे.

त्यांच्या आईनं, म्हणजे माझ्या आजेसासूनं, उभा जन्म एका खोलीत काढला. चूल, पलंग, दोन मुलं, सगळं त्याच खोलीत, आणि दार एकच. धूर झाला तरी त्याच दारानं जायचा, पाहुणा आला तरी त्याच दारानं यायचा. त्या म्हणायच्या, “मला वर गेल्यावर बंगला मिळणार आहे. पुढे एक दार आणि मागे एक दार. मागच्या दारात बसून मी भाजी निवडीन, आणि पुढून कोण आलं ते मला कळणारसुद्धा नाही.” हे त्या वर्षानुवर्षं सांगत आल्या होत्या. शेवटी शेवटी तर त्यांनी पडद्यांचा रंगसुद्धा ठरवला होता.

त्या गेल्या तेव्हा दफनाच्या उपासनेत काका बोलायला उभे राहिले. त्यांना भाषण कुठलं येतंय! त्यांनी पित्याच्या घरात राहायला पुष्कळ जागा आहेत ते वचन वाचलं आणि रडत रडत एवढंच म्हणाले, “आईला आज बंगला मिळाला. मागचं दार असलेला.” सगळं चर्च रडायला लागलं. मीही रडले, आणि मला तर घरात येऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं.

आणि माझे सासरे पहिल्या बाकावरून उठले. चष्मा कपाळावर चढवला. म्हणाले, “मुळात काय आहे, तिथला शब्द ‘मोने’ आहे. त्याचा अर्थ बंगला होत नाही. राहण्याची जागा. खोली म्हटलं तरी चालेल.”

आईची शवपेटी समोर होती. त्यांना दुष्टपणा करायचा नव्हता, हे मी शपथेवर सांगते. आई गेल्यावर दुसरा कुणी छाती पिटतो, यांनी शब्दकोश धरला, एवढंच. पण म्हणून काय झालं? मला तेव्हा त्यांचा असा राग आला होता की आजही आठवला तर मशीनवर कवळी जरा जास्तच घासली जाते. काकांनी बायबल मिटलं, खाली उतरले, आणि त्या दिवसापासून सासऱ्यांशी एक शब्द बोलले नाहीत. ‘मोने’ही नाही आणि बंगलाही नाही.

काकांचाही एक जुना प्लास्टरचा जबडा आमच्या फळीवर होता. त्याच आठवड्यात सासऱ्यांनी तो भिंतीकडे वळवून ठेवला. रागानं नाही. त्यांना त्याच्याकडे बघवत नव्हतं. पाटीचा रंग उडाला, पण दुसऱ्या रंगाऱ्याला शिडी लावू देत नव्हते. काकूंनी मात्र बुधवार सोडला नाही. “भांडण त्या दोघांचं आहे,” त्या म्हणायच्या, “बायबल माझंपण आहे.”

असंच चाललं असतं. पण मागच्या वर्षी काका आजारी पडले, हिरड्या सडल्या आणि उरलेसुरले सगळे दात काढावे लागले. कवळी करायला ते आमच्याकडे येणं शक्य नव्हतं. दुसरीकडून करून घेतली. ती टोचायची, बोलताना खाली पडायची, म्हणून पेल्यातच पडून राहायला लागली. गायनमंडळ सुटलं. जेवण म्हणजे पेज आणि पातळ सूप. रविवारी मी त्यांना मागच्या बाकावर बघायची. कोटात नुसते खांदे उरले होते, आणि गाणं सुरू झालं की ते तोंड घट्ट मिटून घ्यायचे. सासरेही बघायचे. मग घरी येऊन भाकरीचा तुकडा हातात धरून बसायचे. सासूबाई चिडायच्या, “खा की! दात आहेत ना तुम्हाला?” मला एकच वाटायचं, की या दोघांपैकी एकानं दुसऱ्याच्या पेटीवर माती टाकायच्या आधी त्यांनी एकमेकांशी बोलावं. दुसरं मला देवाकडे काही मागायचं नव्हतं.

आणि फिरत फिरत अभ्यास परत डोंगरावरच्या प्रवचनाशी आला. त्या बुधवारी ‘राका’ संपली. सासऱ्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “पुढचं सोपं आहे. घरी...”

“घरी वाचून झालंय भाऊजी,” काकू म्हणाल्या. “मला नाही समजलं. तुम्ही सांगा.”

काकू आजवर अभ्यासात काही बोलल्या नव्हत्या. सासऱ्यांनी बाईंकडे बघितलं. बाई पुस्तकात बघत होत्या. न्हाव्याकडे बघितलं, तर तो आपली नखं बघत होता. शेवटी त्यांनी शब्दकोश ओढला. आता त्यांच्याबद्दल एक गोष्ट मान्य करायला हवी. ग्रीकच्या बाबतीत हा माणूस खोटं बोलू शकत नाही, स्वतःच्या सोयीसाठीसुद्धा नाही.

“अर्पण,” ते म्हणाले. “मूळ शब्द ‘दोरॉन’. देणगी, भेट. माणसानं देवासाठी आणलेली कुठलीही चांगली गोष्ट.”

“अभ्याससुद्धा?” बाईंनी विचारलं.

“अभ्याससुद्धा धरता येईल,” ते म्हणाले, आणि पुढे गेले. “भाऊ. ‘आदेल्फॉस’. मुळात एकाच उदरातला.” इथे ते थांबले. पाणी प्याले. “त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे. टीकाकार इथे लक्ष वेधतात. तुझ्या मनात त्याच्याविरुद्ध काही आहे, असं म्हटलेलं नाही. दुखावलेला तो आहे, म्हणून उठायचं याने.”

“समेट?” काकू म्हणाल्या.

“‘दिआल्लागेथी’. हा शब्द नव्या करारात एवढ्या एकाच ठिकाणी आलाय.” एरवी असा एकटा शब्द सापडला की ते खुलायचे. आता आवाज पार खाली गेला होता. “काही टीकाकारांच्या मते दोघांनी थोडं थोडं मागे सरायचं, असा त्याचा भाव आहे.”

“आणि ते ‘आधी जा’ म्हटलंय, त्यातलं ‘जा’?”

“‘ह्यूपागे’.” सासऱ्यांनी पानं उलटली. मला दिसत होतं, ते फट शोधत होते. “ह्यूपो म्हणजे खालून, आगो म्हणजे नेणं. एकत्र केलं की...”

“अर्थ काय, भाऊजी?”

त्यांनी शब्दकोशावर बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं.

“जा,” ते म्हणाले.

“दुसरा काही अर्थ?”

“निघ.”

“टीकाकार काय म्हणतात?”

“काही म्हणत नाहीत.”

“म्हणजे जाच.”

“जाच,” सासरे म्हणाले. त्यांनी शब्दकोश मिटला, उठले, आणि मला म्हणाले, “पावडर घे. आणि मोठे दोन्ही ट्रे.”

तोंडाचं माप खरं तर डॉक्टर घेतात आणि आमच्याकडे पाठवतात. घरच्या माणसांचं तेवढं सासरे स्वतः घेतात. मी गुलाबी पावडर, रबराची वाटी आणि ट्रे पिशवीत टाकले. बाई म्हणाल्या, “आम्ही बसतो.” काकू उठल्याच नाहीत. त्यांनी बिस्किटांचा डबा पुढे ओढला.

काका दोन गल्ल्या पलीकडे राहतात. दार त्यांनीच उघडलं. पायजमा, अंगावर शाल, मागे टेबलावर पेला आणि पेल्यात ती कवळी. एवढ्या वर्षांनी सासरे त्यांच्याशी पहिला शब्द काय बोलतील, याचा मी येता येता विचार करत होते. सासरे म्हणाले, “तोंड उघड.”

काकांनी त्यांच्याकडे बघितलं. ट्रेकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी काय करणार? मी पिशवी वर करून दाखवली. काका मागे सरले, खुर्चीत बसले आणि तोंड उघडलं. मी पाण्यात पावडर कालवली, लोण्यासारखी झाली तेव्हा ट्रेमध्ये भरली, आणि सासऱ्यांनी ट्रे वरच्या जबड्यावर दाबला. तो लगदा घट्ट होईपर्यंत तसाच धरून ठेवावा लागतो. धरणाऱ्याला हलता येत नाही आणि ज्याच्या तोंडात तो आहे त्याला बोलता येत नाही. एवढ्या वर्षांच्या अबोल्यानंतर देवानं यांची भेट घडवली ती अशी.

“मुळात काय आहे,” सासऱ्यांनी सुरुवात केली.

काकांच्या भुवया वर गेल्या. मी वाटी इतक्या जोरात खाली ठेवली की सासऱ्यांचं बोलणं तुटलं.

त्यांची बोटं भावाच्या तोंडात होती आणि दुसरा हात भावाच्या डोक्यामागे. “मी उठायला नको होतं,” ते म्हणाले. “तू आईबद्दल बोलत होतास. मी उठायला नको होतं. चुकलं माझं.”

काकांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. घशाशी लगदा गेला की बहुतेकांच्या येतं. मी रुमाल पुढे केला, तर तो सासऱ्यांनी घेतला आणि स्वतःचे डोळे पुसले.

“आणि बंगलाच मिळाला असेल तिला,” ते म्हणाले. “शब्दकोशाला काय माहीत?”

हे वाक्य माझ्या सासऱ्यांच्या तोंडून आलं. मी ऐकलंय, म्हणून सांगते. घरी सासूबाईंचा अजून विश्वास बसत नाही.

लगदा घट्ट झाला. सासऱ्यांनी बोटानं तपासून एका झटक्यात ट्रे काढला. ठसा स्वच्छ आला होता. काकांनी ओठ पुसले, घोटभर पाण्यानं चूळ भरली आणि तांब्या खाली ठेवला. त्यांचे शब्द दातांवाचून घरंगळत होते, पण मला नीट कळले.

“खोली म्हटलं तरी चालेल,” काका म्हणाले. “मागचं दार असलं म्हणजे झालं.”

सासऱ्यांनी नुसती मान हलवली, बराच वेळ. मग ते मला म्हणाले, “आता खालचं.” आणि मी पुन्हा पावडर कालवली.

ठसा घेतला की त्यात लगेच प्लास्टर ओतावं लागतं, नाहीतर तो आकसतो. म्हणून आम्ही झपाझप परत आलो. तिघंही बसलेले होते. बिस्किटं संपली होती. काकूंनी सासऱ्यांच्या हातातले ट्रे बघितले आणि पदरानं तोंड झाकून घेतलं. बाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. सासऱ्यांनी उभ्या उभ्याच प्लास्टर कालवलं, दोन्ही ठशांत ओतलं, बुडबुडे बाहेर यावेत म्हणून टेबलावर हलके हलके आपटलं. मग हात पुसून मागच्या भिंतीशी गेले. तो जुना जबडा आता काही कामाचा नव्हता, त्यात तर अजून दात होते. तरी त्यांनी तो रस्त्याकडे वळवून ठेवला.

मग ते आपल्या जागेवर बसले आणि शब्दकोश जवळ ओढला.

“कुठवर आलो होतो आपण?”

“‘आधी जा’पर्यंत,” न्हावी म्हणाला.

“ते झालं,” सासरे म्हणाले. “पुढचं वाचा.”